बंद पडलेली मोटार : मुळशीच्या घाटरस्त्यांवरील हाताळणी

स्वतःच्या बळावर सुरू न होणारी, किंवा सुरू असूनही चालवता न येणारी मोटार. तिला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीने चालू करणे (जंप स्टार्ट), जॅकवर उचलणे आणि ओढून नेणे या तीन कामांचा विचार या नोंदीत पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यापुरता केला आहे. ओढून नेण्याला बोलीत ‘टोचन करणे’ म्हणतात. हा शब्द बहुधा इंग्रजीतील ओढसाखळीच्या नावाचा अपभ्रंश असावा. पुणे शहरात ‘गाडी उचलली’ म्हणजे वाहतूक पोलिसांनी नेली, एवढाच अर्थ उरला आहे. तो येथे अभिप्रेत नाही. पुण्याच्या चांदणी चौकातून निघणारा रस्ता भूगाव, पिरंगुट घाट, पौड आणि मुळशी जलाशयाचा काठ घेत ताम्हिणी घाटातून रायगड जिल्ह्यात विळ्याकडे उतरतो व पुढे माणगावला जातो. गाडीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिका गाडी बंद पडली की ती सुरू कशी करावी तेथून सांगायला लागतात. हा क्रम सपाट रस्त्यासाठी योग्य आहे. मुळशीत पहिले काम गाडी हलवण्याचे नसून ती जागच्या जागी पक्की रोखण्याचे आहे. बिघाडाने माणसाला सहसा इजा होत नाही, ती बिघाड सावरताना होते.

हे म्हणणे साध्या गणितावर उभे आहे. माणसे बसलेल्या लहान मोटारीचे वजन सुमारे १,२०० किलो धरले, तर सपाट डांबरी रस्त्यावर ती ढकलायला अंदाजे १५ ते २० किलोंचा जोर पुरतो. म्हणूनच सोसायटीच्या आवारात एकटा माणूस गाडी ढकलू शकतो. वीस मीटरला एक मीटर अशा मध्यम चढावर मात्र तीच गाडी ६० किलोंच्या जोराने उताराकडे ओढ घेते, पंधराला एक असेल तर ८० किलोंच्या. म्हणजे हँडब्रेक सोडलेली गाडी दोघा-तिघांनी मागून धरून ठेवायची ही कल्पना पहिल्या काही सेकंदांपुरतीच खरी असते. त्यात इंजिन बंद असेल तर ब्रेकही पूर्वीचा राहत नाही. आजच्या बहुतेक मोटारींत ब्रेकच्या पायपट्टीला निर्वात बूस्टरची मदत असते आणि तो निर्वात चालू इंजिनामुळे टिकतो. इंजिन थांबल्यावर साठलेल्या निर्वातावर एक-दोन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो. मग पायपट्टी दगडासारखी कडक होते. ब्रेक ‘गेलेला’ नसतो, पण कितीतरी पट अधिक जोर मागतो, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो घाबरून पाय उचलून पुन्हा पुन्हा दाबतो व उरलासुरला निर्वातही संपवतो. पॉवर स्टिअरिंगही तसेच जड होते. किल्ली काढून घेतली असेल तर स्टिअरिंग कुलूपबंद होते आणि वळणावर गाडी सरळ जाते. बंद गाडीत स्टिअरिंगवर कोणाला बसवायचे हा म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि नेमका तोच ‘तू बस रे आत, आम्ही ढकलतो’ एवढ्या चर्चेत होतो.

रोखण्याची रीत अशी : हँडब्रेक ओढावा; चढाकडे तोंड असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स टाकावा; पुढची चाके दरीकडे नव्हे, डोंगराच्या अंगाला वळवावीत; आणि उताराच्या बाजूने किमान दोन चाकांना लाकडी ठोकळा किंवा कोपरे असलेला दगड घट्ट सारावा. गोटा चालत नाही, तो चाकाबरोबर घरंगळतो. यानंतर चालक सोडून सर्वांनी खाली उतरून डोंगराच्या बाजूला उभे राहावे. मात्र पावसाळ्यात दरड सुटलेल्या कड्याखाली नव्हे.

जंप स्टार्ट. मोटारीची शिसे-आम्ल बॅटरी सहा कोशांची असते. प्रत्येक कोशाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, ११.८ च्या खाली गेलेली बॅटरी स्टार्टर फिरवीलच असे नाही. मुळशीत ती कशी उतरते हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. धबधब्यापाशी इंजिन बंद करून गाणी लावलेली असतात किंवा धुक्यात दिवे तसेच राहिलेले असतात. ५५ वॅटचे दोन हेडलाइट मिळून सुमारे ९ अँपिअर खातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची लहान बॅटरी पावणेचार-चार तासांत रिकामी. स्टार्टर तर त्याच्या आधीच नकार देतो. इशाऱ्याचे लुकलुकणारे चारही दिवे तासन्‌तास ठेवल्यास तेही बॅटरी पितात, हे मदतीची वाट पाहताना लक्षात ठेवलेले बरे. जोडणीचा क्रम सर्वमान्य आहे. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. ठिणगी बॅटरीजवळ पडू नये एवढ्यासाठी हा आटापिटा आहे. मदतीच्या गाडीचे इंजिन काही मिनिटे चालू ठेवून मग बंद गाडीला किल्ली द्यावी; सुरू झाल्यावर केबल उलट क्रमाने काढाव्यात. टोके उलटी लागली तर अल्टरनेटरचे डायोड आणि इंजिनाचा संगणक क्षणात जळू शकतात. घाटात आणखी एक गोष्ट : गिअरमध्ये उभी केलेली गाडी स्टार्टर मारताच उसळते, म्हणून न्यूट्रल करावी लागते, आणि न्यूट्रल केली की तिला धरून ठेवणारा एक आधार गेला. चाकाखालचे दगड केबल उघडण्याआधी का लावायचे, याचे उत्तर येथे आहे.

मदत कोणाची घ्यायची हाही प्रश्न आहे. या रस्त्यावर हात केला तर थांबणारी पहिली गाडी पुष्कळदा डंपर असते. मोठे ट्रक आणि एसटीच्या बस सामान्यतः २४ व्होल्टवर चालतात. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्या पूर्ण जोडीवरून मोटार चालू करू पाहणे म्हणजे तिच्या विद्युत यंत्रणेवर दुप्पट दाब टाकणे. जाणते चालक दोहोंतील एकाच बॅटरीवरून केबल देतात असे सांगितले जाते; युक्ती तत्त्वतः बरोबर, पण कोणते टोक कोठे हे अंधारात व पावसात चुकणे सोपे असल्याने ती येथे शिफारशीत धरलेली नाही. धक्का मारून गाडी सुरू करणे हा जुना मार्ग हातगिअरच्या गाड्यांपुरता अजून जिवंत आहे : किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून वेग घ्यायचा आणि क्लच सोडायचा. उतारावर हे फार सोपे वाटते, आणि तेथेच फसगत होते, कारण इंजिन पेटले नाही तर पुढे वळण आणि मागे निर्वात संपलेला ब्रेक. ऑटोमॅटिक गाडी अशी सुरू होत नाही. साचलेल्या पाण्यातून जाताना बंद पडलेल्या गाडीला तर धक्काही देऊ नये व केबलही लावू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असल्यास पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

उचलणे. ‘स्टेपनी’ हा मराठीत रुळलेला शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तेथे डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाकाचा धंदा सुरू केला. गाडीसोबत येणारा कात्री-जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्यावर पेललेल्या गाडीखाली शिरायचे नाही, हाताएवढेसुद्धा नाही. नट आधी चाक जमिनीवर असतानाच पाव फेरा ढिले करावेत, कारण उचललेल्या चाकावर पान्याला दिलेला झटका गाडी जॅकवरून ढकलतो. हँडब्रेक बहुतेक मोटारींत मागच्या चाकांवर लागतो. मागचे एक चाक अधांतरी झाले की तो अर्धा होतो, म्हणून कर्णात समोरच्या चाकाला ठोकळा हवाच. ताम्हिणी हा राज्यातील अतिवृष्टीचा पट्टा. पावसाळ्यात साइडपट्टीची माती इतकी भिजते की जॅकचा पाया गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो. त्याखाली जाड फळी ठेवणे हा उपाय पुस्तिकेत क्वचित असतो आणि घाटात नेहमी लागतो. फळी नसेल व जागा उताराची असेल तर पंक्चर चाकावर शंभर-दोनशे मीटर रखडत सपाट जागा गाठावी. टायर जाईल, कदाचित रिमही. टायर विकत मिळतो.

ओढून नेणे. ओढगाडीचा शोध अमेरिकेतील चॅटनूगा येथील अर्नेस्ट होम्स याच्या नावावर १९१६ पासून नोंदला जातो. तीन खांब, एक कप्पी आणि साखळी त्याने १९१३ च्या कॅडिलॅकवर बसवली होती. भारतात मोटार ओढण्याबाबत १९८९ च्या रस्तेनियमांत स्पष्ट तरतुदी केल्या गेल्या : ओढायची ती बिघडलेली गाडी जवळच्या गॅरेज वा पेट्रोलपंपापर्यंत; पुढची चाके क्रेनने उचललेली नसतील तर स्टिअरिंगवर परवानाधारक हवा; दोन गाड्यांतील अंतर ५ मीटरहून अधिक नको; दोर सहज दिसावा; मागे ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत गाडी ओढली जात असल्याची पाटी; आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत. २०१७ मध्ये या नियमांची जागा नव्या चालनविषयक विनियमांनी घेतली. मूळ आकडे येथे दिले ते त्यांतला तर्क पाहण्यासाठी. ताशी २४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ६.७ मीटर. पुढची गाडी जागीच अडली, तर ५ मीटरचे अंतर पाऊण सेकंदात संपते, आणि सावध चालकालाही ब्रेकवर पाय न्यायला साधारण एक सेकंद लागतो. नियम सपाटीवर निभावतो, कारण तेथे ओढली जाणारी गाडी आपोआप मंदावते. उतारावर ती मंदावत नाही. दोर सैल पडतो, मागची गाडी पुढचीवर चालून येते, आणि पुढच्या वळणावर दोर झटक्याने ताणला जातो. अशा झटक्यात तुटलेला दोर वा निसटलेला हुक चाबकासारखा परततो. त्यामुळे उतरता घाट दोराने पार करू नये, हा या नोंदीचा निष्कर्ष आहे. कडक ओढदांडा, त्याहून बरे म्हणजे गाडी पाठीवर घेणारा सपाट पाळण्याचा ट्रक, हेच पर्याय. चढावर, थोड्या अंतरासाठी, टोचन-हुकातच बांधलेला दोर (बंपरला किंवा अ‍ॅक्सलला नव्हे) क्षम्य आहे.

विजेवरील गाड्या : चारही चाके उचलूनच न्याव्यात.

आधी गाडी रोखावी आणि उतारावर दोर वापरू नये, या भूमिकेवर तीन आक्षेप येतात. पहिला असा की पिरंगुट-पौड भागातील जीपवाले वर्षानुवर्षे दोराने गाड्या उतरवतात आणि काही होत नाही. त्यांचे कसब नाकारण्याचे कारण नाही, पण ते कसब पुढच्या गाडीत असते. मागच्या, ब्रेक हरवलेल्या गाडीत बसलेला पर्यटक असतो. शिवाय ‘काही होत नाही’ याची नोंद कोठे ठेवलेली नाही. २० डिसेंबर २०२४ रोजी ताम्हिणी घाटात वऱ्हाडाची खासगी बस उलटून पाच जण दगावले, तसे मोठे अपघात वर्तमानपत्रांत येतात. दोर तुटून डोंगराला घासलेली गाडी येत नाही, आणि आली तर ‘चालकाचा ताबा सुटला’ या एका वाक्यात तिचे कारण मिटून जाते. दुसरा आक्षेप खर्चाचा व वेळेचा आहे : मोबाइलला रेंज नाही, ट्रक पुण्याहून येणार, पैसे हजारांत. हा खरा आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. विम्यासोबत घेतलेली रस्ता-मदत सेवा पैशांची अडचण हलकी करते, रेंजची नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. धुक्यात आंधळ्या वळणावर थांबून राहणे हाच मोठा धोका, मागून येणारी गाडी आदळेल. तेव्हा आधी गाडी हलवा. येथे नोंदीचा नियम वाकवावा लागतो. वळणात अडलेली गाडी तेथे ठेवू नये. पण तीही धक्का-स्टार्टच्या आशेने मोकळी सोडायची नाही, तर एक माणूस दगड घेऊन चाकापाशी चालत, हँडब्रेकवर हात ठेवून, माणसाच्या चालीने जवळच्या रुंद जागेपर्यंत उतरवायची. एवढेही जमणारे नसेल तर गाडी सोडावी आणि माणसे दूर न्यावीत.

गाडीसोबतचा परावर्तक त्रिकोण एकच असतो आणि रस्ता दुहेरी. म्हणून एका बाजूला त्रिकोण आणि दुसऱ्या बाजूला झाडाच्या फांद्या, हा ट्रकचालकांचा रिवाज घाटात उपयोगी ठरतो. वळणाच्या अलीकडे ठेवल्या तरच, कारण गाडीपासून चार पावलांवरच्या फांद्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. चाकाखाली दगड लावण्याची एक वाईट बाजूही आहे. गाडी सुरू होते, मंडळी निघून जातात, आणि चाकाखालचे दगड रस्त्यातच राहतात; रात्री दुचाकीस्वाराला ते दिसत नाहीत. निघण्यापूर्वी ते दगड उचलून कडेच्या गटारापलीकडे टाकावेत.