मोळी, पायली आणि सत्तेचाळीस

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "आमच्या वेळी तिसापर्यंत पाढे तोंडपाठ असत. आताच्या पोरांना साधी वजाबाकी येत नाही, असं का?" प्रश्नात थोडी कुरकुर आहे, पण प्रश्न खरा आहे. आज त्याच्याकडे इतिहासाच्या वाटेनं जाऊ.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अंक गिरवायचे आणि पाढे म्हणायचे. नुसते पूर्णांकांचे नव्हेत; पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. या घोकंपट्टीला आम्हीही एके काळी हसलो आहोत. तत्त्वज्ञानाचा माणूस पाठांतराला हसणारच. पण घोकणारं पोर घरी काय बघत होतं? दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आई ज्वारी मापताना शिगेला हात फिरवते, तो पाव, तो निम्मा. रुपयाचे आणे सोळा, म्हणजे पावकी थेट चार आण्यांवर येऊन बसायची. तोंडातल्या शब्दाला घरात वस्तू होती.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनमापं. सुधारणा चांगली होती, हिशेब सोपे झाले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण पायली माळ्यावर गेली आणि शाळेत घोकणं तेवढं उरलं. ज्या मुलाची स्मरणशक्ती तेज ते तरलं. बाकीची 'ढ' ठरली.

वस्तूंकडे परत जाणारी माणसं होती. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. मॉन्टेसरीची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, खडे, शंखशिंपले घेतले. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं, अनुताई वाघ सोबत होत्या. मोठं काम. पण बहुतेक ठिकाणी चिंचोके बालवाडीच्या उंबऱ्याशीच थांबले. पहिलीत गेलं की पुन्हा पाटी.

२०१९ चा वाद आपल्याला आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'तेवीस'च्या जोडीला 'वीस तीन' आलं आणि गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांची भाषाद्रोही म्हणून टिंगल झाली. त्यांचा मुद्दा मात्र साधा होता. आपण 'सत्तेचाळीस' म्हणतो तेव्हा आधी सात ऐकू येतात, मग चाळीस; लिहायचे मात्र आधी चार. जर्मन मुलांचीही हीच अडचण आहे. आम्हाला 'तेवीस' सोडवत नाही, आणि मुलाची अडचणही नाकारवत नाही.

या वादातून वाट कशी निघते ते आम्ही पाथर्डीच्या बाजूच्या एका शाळेत पाहिलं. त्या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तिसरीतली एक मुलगी, निम्मं वर्ष कारखान्यावर गेलेलं. सत्तेचाळीस म्हटलं की ७४ लिहायची. गुरुजींनी फळा सोडला. काड्या आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधायला लावले. ती म्हणाली, "मोळ्या बांधायच्या व्हय?" उसाच्या मोळीत काही नेमक्या दहा कांड्या नसतात, पण बांधलेलं वेगळं आणि सुटं वेगळं हे तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. चार मोळ्या, सात सुट्या. मग तिनं ४७ लिहिले. नाव सत्तेचाळीसच राहिलं.

मग गुरुजी म्हणाले, "यातून नऊ दे." सुट्या सातच. मुलगी क्षणभर थांबली, आणि "एक मोळी सोडावी लागंल" म्हणून तिनं रबर काढला. मंडळी, हाच हातचा. एवढी वर्षं हा शब्द वापरतो आहोत, त्यातला हात आम्हाला त्या दिवशी दिसला.

दिवाळीनंतर ती पुन्हा गेली. गुरुजींनी पन्नास काड्या पिशवीत घालून दिल्या होत्या. परतली तेव्हा एकोणीस उरल्या होत्या, बाकीच्या चुलीत गेल्या. तिनंच मोजून सांगितलं: एक मोळी, नऊ सुट्या.