चाकाची खरखर आणि ब्रेकचे अस्तर

चालत्या मोटारीच्या चाकापाशी अचानक खरखर सुरू झाली, की जाणता मेकॅनिक हत्यार उचलण्याआधी प्रश्न विचारतो. आवाज ब्रेक दाबल्यावर येतो, की गाडी नुसती पळतानाही? वेगाबरोबर वाढतो का? कोणत्या वळणावर जास्त येतो? गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढली तर बहुधा डाव्या चाकाचे बेअरिंग खराब झालेले असते. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर लगेच सुरू झालेली खरखर पुष्कळदा ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यात अडकलेल्या खड्याची असते. पण ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येत असेल, तर ब्रेकचे अस्तर (गॅरेजच्या भाषेत लायनर) संपले आहे असे समजावे आणि गाडी पुढे दामटू नये.

या शेवटच्या आवाजाचा इतिहास जवळजवळ मोटारीइतकाच जुना आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ यांनी पती कार्ल बेंझ यांनी बनवलेली तीनचाकी मोटार जर्मनीतील मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर, चालवत नेली. उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले, असे सांगतात. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान उतारावर ब्रेकला जुने बूट लावत. ते पाहून हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये खास ब्रेकसाठी अस्तर बनवण्याचे प्रयोग सुरू केले. त्यातूनच पुढे ‘फेरोडो’ हे नाव जन्माला आले.

ब्रेकचे काम म्हणजे गतिज ऊर्जेची उष्णता करणे. १००० किलोग्रॅमची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा दोन लाख ज्यूल होते. ही सारी उष्णता १० किलोग्रॅम लोखंडात गेली तर त्याचे तापमान एका थांब्यात सुमारे ४४ अंशांनी वाढेल. (दहावीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे.) घाट उतरताना ब्रेक पुन्हा पुन्हा दाबावा लागतो. तिथे चामडे किंवा कापूस करपून जातो.

मग धातूच का वापरू नये? फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तेच केले. १९०२ मध्ये त्यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी पातळ चकती दोन बाजूंनी तांब्याच्या तुकड्यांनी दाबायची, अशी त्यांची रचना होती. कल्पना उत्तम, पण तांबे भराभर झिजे आणि किंचाळी असह्य होई.

ती का होते? फळ्यावर खडू करकरतो तेव्हा तो एकसारखा घसरत नसतो; क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा घडले की कर्कश सूर निघतो. सारंगीच्या गजाचे गणितही हेच, फक्त तिथे ते कानाला गोड लागते. अस्तर संपल्यावर येणारी खरखर मात्र वेगळी. धातूचे गुळगुळीत दिसणारे पृष्ठभाग प्रत्यक्षात मोजक्या उंचवट्यांवरच टेकलेले असतात. तिथला दाब इतका प्रचंड असतो की ते उंचवटे एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या क्षणी तुटतात. केंब्रिजच्या फ्रँक बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी १९५० च्या आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले. खरखर हा त्या अनियमित तुटण्याचा आवाज, आणि तोच डिस्कवर चरे पडण्याचाही.

लँचेस्टर यांच्या अडचणीवर उपाय सापडला तो फ्रूड यांच्याच कामातून. १९०७-०८ च्या सुमारास त्यांनी अस्तरासाठी ॲस्बेस्टॉस वापरले. न जळणारे, सुतासारखे विणता येणारे आणि धातूवर शांतपणे घासणारे असे हे खनिज. पुढची कित्येक दशके जगभरच्या मोटारी याच अस्तरावर थांबत राहिल्या. १९५३ च्या ल मान्सच्या शर्यतीत जग्वारने डिस्क ब्रेक लावून विजय मिळवला आणि लँचेस्टर यांची मागे पडलेली रचनाही परत आली.

शांत ब्रेकची एक गैरसोय असते. अस्तर किती उरले हे कानाला कळत नाही. म्हणून अभियंत्यांनी घालवलेला आवाज मुद्दाम परत आणला. अनेक पॅडना पोलादाची छोटी पट्टी बसवतात. अस्तर दोन-तीन मिलिमीटर उरले की ती डिस्कला टेकते आणि किंचाळू लागते. ही किंचाळी म्हणजे सूचना; खरखर ऐकू येईपर्यंत सूचनेची वेळ टळलेली असते.

शांततेची दुसरी किंमत माणसांनी मोजली. इंग्लंडमधील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसचे सूत काढणाऱ्या नेली केर्शॉ १९२४ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी वारल्या. डॉ. विल्यम कुक यांनी त्यांच्या फुफ्फुसांत खनिजाचे कण दाखवले आणि त्याच वर्षी ते प्रसिद्धही केले. तरीही गॅरेजमध्ये ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवण्याची रीत दशकानुदशके चालू राहिली. या धुळीत ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकत, आणि त्यांचा रोग दिसायला वीस-तीस वर्षेही लागतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपण्यास सांगितले, ते यासाठीच. ब्रिटनने १९९९ मध्ये आणि पुढे २००५ पासून सगळ्या युरोपीय संघाने ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली.

नव्या अस्तरांत मग इतर तंतू आले, धातूंची पूड आली, आणि तिच्यात तांबेही आले. यावेळी ते किंचाळले नाही, कारण ते मिश्रणातला एक घटक होते. पण झिजलेली पूड पावसाबरोबर नद्यांत जाते, आणि पाण्यात विरघळलेले तांबे सामन माशांची वास घेण्याची शक्ती बिघडवते. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये कायदे करून ब्रेकमधले तांबे टप्प्याटप्प्याने कमी करायला लावले. कॅलिफोर्नियात २०२५ पासून नव्या पॅडमध्ये त्याची मर्यादा वजनाच्या अर्ध्या टक्क्यावर आली आहे.