साडेएक वाजले!

आमच्या चिरंजीवांना घड्याळ शिकवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले ते सौ.च्या एका वाक्यामुळे. "दिवसभर बँकेत आकडेच तर बघता, मग घरातले बारा आकडे पोराला शिकवायला काय होतं?" आता बी.कॉम. होऊन वीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाने बारा आकड्यांना भ्यावे, हे काही बरे दिसत नाही. मी पुठ्ठ्याचे घड्याळ केले, त्याला दोन काटे टाचले आणि बसलो.

"मोठा काटा सहावर. म्हणजे किती मिनिटं झाली?"

"सहा."

"सहा नाही रे, तीस."

"पण तिथे सहा लिहिलंय ना!"

लिहिले असेल तेच खरे, ही तर आमच्या बँकेची शिकवण. मी निमूटपणे पुढे सरकलो. काटे दीडवर लावले. तो म्हणाला, "साडेएक."

"साडेएक नसतं. दीड."

"मग साडेदोन?"

"अडीच."

"साडेतीन?"

"साडेतीनच!"

खात्यातून कसलेसे चार्जेस कापले गेलेला ग्राहक खिडकीशी येऊन ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने तो माझ्याकडे बघू लागला.

आतल्या खोलीतून वडील गरजले, "आम्हाला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, सगळी पाठ होती! साडेतीनलासुद्धा औट म्हणायचे." म्हणजे पूर्वी आणखी एक अपवाद होता. मुलाने पुठ्ठा खाली ठेवला.

रात्री मी विचार केला, की हा घोळ घातला तरी कोणी? आपल्या पूर्वजांचा कारभार खरे तर सुटसुटीत होता. दिवस-रात्र मिळून साठ घटका. चोवीस मिनिटांची एक घटका, साठ पळांची मिळून. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटका भरली. काटे नाहीत, आकडे नाहीत. माणसाची घटका भरते ती याच वाटीमुळे. लग्नात भटजी वाटीकडे बघत आणि पाहुणे पंगतीकडे. तिथे साडेएक की दीड, असा वाद नव्हता.

साहेबाचे घड्याळही जन्मापासून दोन काट्यांचे नव्हते. युरोपातल्या पहिल्या यांत्रिक घड्याळांना बहुधा एकच काटा असे, तासाचा. ती दिवसाला पाव-पाव तास पुढेमागे होत. तिथे मिनिटे दाखवून अब्रू कोण घालवणार? १६५६ साली हॉलंडच्या हायगेन्सने लंबकाचे घड्याळ काढले, चूक मिनिटाच्या आत आली आणि मग मिनिटकाटा सर्रास दिसू लागला. जे शिकायला जगाला शतके लागली, ते मी पोराला एका रात्रीत शिकवत होतो!

दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठ्यावरचा मोठा काटा उपटून टाकला. एकटा लहान काटा. "सहाच्या पुढे गेलाय, सातला पोचला नाही. अगदी मधोमध आहे." "म्हणजे साडेसहा!" पोरगा ओरडला. चार दिवसांनी मोठा काटा परत लावला, तर पावणे आणि सव्वाही जमू लागले. मी खूश होतो. पण ती खुशी मला महागात पडणार होती.

गोष्ट अशी, की मी रोज सकाळी निघताना "साडेसहाला येतो" असे सांगतो. आजवर त्याला घड्याळ येत नव्हते, त्यामुळे मी आलो की साडेसहा वाजत. त्या संध्याकाळी तो घड्याळाखाली खुर्ची टाकून बसला होता. "बाबा, सात वाजून नऊ मिनिटं झाली."

मी इतिहासाचा आसरा घेतला. "अरे, १ जानेवारी १९०६ रोजी सरकारने सगळ्या देशाची एकच वेळ ठरवली. मुंबईकरांना ते पटलं नाही. मुंबईची स्वतःची वेळ एकोणचाळीस मिनिटं मागे होती. महापालिकेने त्याच वर्षी ती पुन्हा धरली आणि सोडली ती थेट कित्येक वर्षांनी. तेव्हा तुझे सात-नऊ म्हणजे मुंबईचे बरोब्बर साडेसहा!"

त्याने बोटांवर हिशेब केला. हिशेब बरोबर निघाला. मग म्हणाला, "पण नंतर ते बंद झालं ना?"

सौ. स्वयंपाकघरात हसली. मला मात्र हसू येईना. इतके दिवस हा पोरगा माझ्या येण्यावरून वेळ ओळखत होता. आता तो वेळेवरून मला ओळखणार होता.

दुसऱ्या दिवशी टेबल आवरून मी जवळजवळ पळतच घर गाठले. दारातच आवाज आला, "पावणेसात! पंधरा मिनिटं लेट." आणि त्याने पाटीवर एक उभी रेघ ओढली. कालच्यापेक्षा बरीच लहान होती. मी ती मुकाट्याने मान्य केली.