करंडा

कुंकू ठेवायची झाकणाची लहान डबी. मूळ शब्द संस्कृत ‘करण्ड’. करंडे चांदीचे, पितळेचे, लाकडाचे. सावंतवाडीचे लाखकामाचे विशेष नावाजलेले. हळदीकुंकवाला पुढे येते ती कोयरी किंवा पंचपाळे, ते आल्या-गेल्या बायकांसाठी. करंडा घरच्या बाईचा स्वतःचा. तो आरसा, फणी, काजळाच्या डबीसोबत फणेरपेटीत असे.

त्याची जोडीदारीण मेणाची डबी. मेणावर बोट फिरवायचे, कपाळावर गोल टेकवायचे, वर कोरडे कुंकू दाबायचे आणि नाकावर सांडलेले पदराने टिपायचे. घामातही मेण कुंकू धरून ठेवी. चिकटवायची टिकली आली तशी ही डबी गेली. करंडा देवघरात तगला. नवरा वारला की बाईचा करंडा बाजूला पडे, एवढा तो सौभाग्याशी जखडलेला. हरतालिकेच्या वाणात फणी-करंडा अजून लागतो. डहाणूजवळच्या विवळवेढ्याला चैत्रात महालक्ष्मीची जत्रा भरते. तिथे तारापूर-बोईसरकडच्या बायकांना ओटीच्या सामानात मिळणारा करंडा आता बहुधा प्लॅस्टिकचा, चिमूटभर कुंकवाने भरेल एवढा.

इंग्रजी अमलातल्या संग्राहकांची नजर वेगळी. १८७२ साली भायखळ्यात खुले झालेले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) औद्योगिक प्रदर्शनांच्या युगातले. जॉर्ज बर्डवुड यांच्या १८८० च्या भारतीय हस्तकलांवरील ग्रंथाची मांडणीही धातुकाम, लाकूडकाम अशी कारागिरीवार. घडवणाऱ्याची कला त्यात दिसते, वापरणारी बाई दिसत नाही. करंड्यासारख्या डब्या इतरत्रही जमवल्या गेल्या : आफ्रिकेत काँगोतल्या कुबा लोकांच्या कोरीव झाकणाच्या लाकडी डब्या एमिल टॉर्डे यांनी १९०७–०९ च्या मोहिमेत ब्रिटिश म्यूझियमसाठी जमवल्या. त्यांत ‘तुकुला’ असे, म्हणजे लाकडाची लाल पूड. तेलात कालवून ती अंगाला लावत. तिथेही रंग लालच.

पुण्यात दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी या संग्राहकांच्या उलट वाट धरली. गावोगाव हिंडून त्यांनी अडगळीतल्या घरगुती चिजा गोळा केल्या, त्यांत पत्नी कमलाबाईंची साथ होती. दिवंगत मुलाच्या नावाच्या त्यांच्या संग्रहालयात करंड्यांच्या जोडीला पाय घासायच्या वज्र्याही आहेत. अशा वस्तू हाताळणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे : जुने कुंकू झाकणाच्या खाचेत बसलेले असते, आणि पितळ चिंचेने घासायला घेतले की पहिले तेच जाते.