पायगाडीची वाट : बारामती-इंदापूर रस्त्यावरील एका छंदाचा पूर्वेतिहास

मराठी गद्यातला रस्ता हा मुख्यतः पायी चालण्याचा रस्ता आहे. महानुभावांच्या अटनापासून विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'पर्यंत, आणि पुढे इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल'पासून दि. बा. मोकाशी यांच्या 'पालखी'पर्यंत (१९६४) आपण रस्ता वाचला तो पावलांनी मोजलेला. त्यानंतर एकदम एस.टी. येते, मोटार येते. या दोहोंच्या मधल्या काळात ग्रामीण महाराष्ट्राला ज्या वाहनाने शाळेत, बाजारात, कारखान्यात आणि सासुरवाडीला नेले, ती सायकल आपल्या कथा-कादंबऱ्यांत बहुधा भिंतीला टेकवून ठेवलेली दिसते. पोस्टमनची वा प्राथमिक शिक्षकाची ओळख पटवण्यापुरते तिचे काम. ती चालवताना मांड्यांना काय होते, चढावर श्वास कसा तुटतो, काटा रुतल्यावर पुढे काय, याविषयी आपले गद्य जवळजवळ मुके आहे.

या मौनाचा एक परिणाम असा की, आज रविवारी पहाटे हेल्मेट घालून, अरुंद टायरच्या गिअरच्या सायकलीवर वाकून जाणारा स्वार पाहिला की आपण त्याला शहरातून आलेला परका छंद समजतो. गावाकडे सायकल होती ती गरज म्हणून. हौस म्हणून सायकल चालवणे हे अलीकडचे, पोट भरलेल्यांचे खूळ, असे हे गृहीतक आहे. आमच्या मते ते इतिहासाला धरून नाही. गरजेच्या काळातही हौस होती, आणि ती या रस्त्यावरच होती.

'या रस्त्यावर' असे म्हणताना आमच्यासमोर बारामती-इंदापूर रस्ता आहे. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव अशी गावे घेत तो निमगाव केतकीला येतो आणि पुढे इंदापूरला मिळतो. तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला अश्वाचे रिंगण, निमगाव केतकीला मुक्काम, हे वारकऱ्यांना पाठ असते. सायकलस्वाराला मात्र हा रस्ता निराळ्या रीतीने पाठ होतो. घाट नाही, मोठा चढ नाही, त्यामुळे येथे खरा सामना वाऱ्याशी. आषाढात वारा पश्चिमेचा. पंढरपूरच्या दिशेने जाताना तो पाठीशी असतो, आणि इंदापूरहून बारामतीकडे परतताना तोच छातीवर येतो. पायी चालणाऱ्याला हा फरक फारसा जाणवत नाही. सायकलस्वाराचा वेग मात्र वाऱ्याच्या तोंडावर निम्म्यावरही येऊ शकतो. पालखीविषयीच्या लेखनात वारा पावसाचा दूत म्हणून भेटतो. त्याचा विरोध हा विषय तेथे नाही, आणि तो नसणे स्वाभाविकही आहे, कारण वारकरी परतीला बहुधा वाहनात बसतो.

सायकलचा जागतिक वृत्तांत सर्वांना ठाऊक आहे, तो येथे लांबवत नाही. जॉन केम्प स्टार्ले यांची, दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी असलेली 'रोव्हर' १८८५ ची. डनलॉप यांची हवेची धाव १८८८ ची. योगायोग असा की, १८७६-७७ च्या दुष्काळानंतर उभा राहिलेला नीरा डावा कालवाही त्याच १८८० च्या दशकातला. कालवा आणि सायकल यांचा या तालुक्यांत पुढे फार जवळचा संबंध आला. कालव्याच्या भरावावरची, पाट तपासण्यासाठी राखलेली सपाट वाट हा सायकलला अनुकूल असा इकडचा पहिला मार्ग म्हणावा लागेल. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने. वालचंदनगर १९३० च्या दशकात उभे राहिले, स्वातंत्र्यानंतर भवानीनगरचा सहकारी कारखाना झाला. भोंग्याच्या वेळेला पाळी गाठायची तर चार-पाच मैल पायी चालून भागत नाही, आणि कामगाराच्या पगारात मोटारसायकल बसत नाही. या दोन अडचणींच्या मधोमध सायकल नेमकी बसली.

ती बसली याला देशी कारखानेही कारण होते. मुंबईची हिंद सायकल स्वातंत्र्याच्या आधीची, मद्रासची टी.आय. १९४९ ची, सोनिपतची ॲटलस १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. त्यापूर्वी सायकल ही इंग्रजी वस्तू होती आणि तिच्यावर स्वार होऊन पराक्रम करणारे मुंबईचे पारशी तरुण होते. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून निघाले आणि जगाला वळसा घालून १८ मार्च १९२८ रोजी परतले. त्यांचे अनुभव इंग्रजीत ग्रंथरूप झाले. मराठी प्रवासवर्णनाच्या आपल्या इतिहासांत या प्रवासाला जागा मिळत नाही. भाषेच्या दृष्टीने ते रास्त. परंतु हौसेसाठी सायकल हाणण्याची परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांची आहे, एवढे तरी या तारखांवरून मान्य व्हावे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीने बोरघाट प्रथम चढणाऱ्याला दिलेली 'घाटाचा राजा' ही पदवी तर मराठीच आहे, आणि आमच्या मते ती भाषांतराची गंध नसलेली, अस्सल पदवी आहे.

आता हौसेकडे वळू. सत्तर-ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रातील गावोगावी एक खेळ येई. चावडीपुढच्या किंवा शाळेच्या मैदानात मधोमध खांब रोवून, त्यावर दिवा आणि कर्णा बांधून, एक तरुण त्याभोवती सायकलचे फेरे सुरू करी. पाच दिवस, सात दिवस पाय टेकायचा नाही अशी त्याची प्रतिज्ञा. आंघोळ सायकलवर, जेवण सायकलवर, कपडे बदलणेही सायकलवर. रात्री नाच, विनोद, अंगावर ट्यूबलाइट फोडून घेणे असले प्रकार. शेवटच्या दिवशी बक्षिसे, धान्य, नोटांचे हार. गावातली पोरे पहाटे उठून, तो खरेच फिरतो आहे का, हे पाहायला धावत. या खेळाची नोंद लोककलांच्या आमच्या अभ्यासक्रमांत आढळत नाही. डोंबारी आणि बहुरूपी आहेत, सायकलवाला नाही. वास्तविक रिंगणाची ज्यांना सवय आहे अशा या पट्ट्यात हा खेळ किती सहज रुजला असेल! मधला खांब म्हणजे विठ्ठल नव्हे, हे आम्हालाही समजते; पण एका केंद्राभोवती न थांबता फिरणाऱ्याला पाहण्यासाठी वर्तुळ करून उभे राहणे, ही पाहण्याची रीत गावाला आधीच येत होती. आज चारशे-सहाशे किलोमीटर अखंड सायकल चालवणारे जे करतात त्याचे कौतुक करताना या अनाम फेरेवाल्याची आठवण कोणाला होत नाही, ही आम्हाला उणीव वाटते.

हौसेची दुसरी खूण म्हणजे सजावट आणि निगा. नव्या सायकलीच्या नळ्यांना रंगीत कागद गुंडाळणे, आऱ्यांत मणी ओवणे, मुठींना गोंडे, मडगार्डवर देवाचे वा मुलाचे नाव, डायनॅमोचा दिवा. दसऱ्याला तिची पूजा. ज्यांना ती परवडत नसे त्यांच्यासाठी भाड्याचे दुकान होतेच. तासाच्या बोलीवर आणलेल्या उंच सायकलीच्या नळीखालून पाय घालून 'हापपायडल' शिकणे हा एका पिढीचा सामायिक संस्कार आहे. सरकारलाही या वाहनाचे महत्त्व कळले होते. नगरपालिका सायकलवर कर घेऊन बिल्ला देत, आणि १९५८ च्या कायद्याने ग्रामपंचायतींना जे कर बसवण्याची मुभा दिली त्यांत सायकलवरचा कर होता.

येथे भाषेच्या अभ्यासकांसाठी थोडे विषयांतर. सायकलला आरंभी 'पायगाडी' म्हणत. 'दुचाकी' हा शब्दही तिचाच होता. मोटारसायकलींनी तो असा बळकावला की आज 'दुचाकी घसरली' या बातमीत कोणालाही सायकल दिसत नाही. दुकानातली भाषा मात्र टिकली. 'ओव्हरहॉलिंग'चे 'ओव्हरऑयलिंग' झाले. याला अपभ्रंश म्हणून हसण्यापूर्वी त्यामागचा विचार पाहावा. सायकल पूर्ण खोलणे, छर्रे रॉकेलमध्ये धुणे, वाट्या पुसून नवे वंगण भरणे, चाकाची आउट काढणे, साखळीला तेल देणे, या साऱ्या क्रियेचा आरंभ आणि शेवट तेलातच आहे. मिस्त्रीने परका शब्द अर्थपूर्ण करून घेतला. छर्रे, वाटी, आरे, धाव, आउट, व्हॉल्व्ट्यूब, सोल्यूशन, ठिगळ: यांतला निम्मा शब्दसंग्रह बैलगाडीकडून आणि शिवणकामाकडून आला आहे.

या दुकानांची उतरंड १९७२ मध्ये आलेल्या 'लुना'पासून सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकातल्या कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकलींनी ती पुरी केली. ॲटलसनेही जून २०२० मध्ये आपला शेवटचा कारखाना थांबवला. नेमक्या त्याच काळात हौसेची सायकल नव्या रूपात वाढत होती. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पार केली; २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे चाळीस तासांत, असे फ्रान्समधून आलेले दंडक आज महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतले स्वार पाळतात. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय शर्यतीचा एक टप्पा तर पुरंदरहून निघून बारामतीतच संपला.

नवी आणि जुनी सायकल यांच्यातले अंतर मोजायचे तर निमगाव केतकीसारख्या गावात पंक्चर व्हावे लागते. आमचे एकदा झाले. पानमळ्यांच्या या गावाबाहेर वेड्या बाभळीचा काटा रुतला. दुकानातल्या वयोवृद्ध मिस्त्रींनी घमेल्यात पाणी घेतले, ट्यूब फिरवली, बुडबुडे धरले, कानस मारली, ठिगळ लावले. हे सारे आमच्या 'किट'मधल्या सूचनापत्रकापेक्षा कमी वेळात. अडले ते पुढे. आमच्या बारीक फ्रेंच व्हॉल्व्हला त्यांच्या पंपाचे तोंड बसेना. खिशातली पितळी टोपी लावल्यावर ते जमले. मग त्यांनी आमचा टायर हातात घेऊन वितीने मापला आणि विचारले, "अठ्ठावीसचाच ना हा?" प्रश्न अचूक होता. सातशे-सी नावाची आमची धाव आणि त्यांची दीड इंची 'अठ्ठावीस' ही दोन्ही एकाच जुन्या युरोपीय मापाची भावंडे. पण एकीचा टायर ६२२ मिलिमीटरच्या रिमवर बसतो, दुसरीचा ६३५ च्या. तेरा मिलिमीटरच्या या फरकामुळे शंभर वर्षे सायकली दुरुस्त करणाऱ्या या रस्त्यावर आम्हाला एक टायर मिळू शकत नाही. "दोघांचं नाव एक अन् माप दोन," ते म्हणाले, "मग तुम्ही दोन टायर घेऊनच हिंडत जावा." तेव्हापासून घडीचा एक टायर आमच्या बसकेखालच्या पिशवीत असतो. साखळीच्या बाबतीतही त्यांचाच सल्ला खरा ठरला. गळिताच्या हंगामात पाचट आणि धूळ एवढी असते की तेल जितके जास्त तितकी साखळी लवकर झिजते. थेंब कडीगणिक द्यावा आणि वरचे सारे फडक्याने पुसून काढावे.

रस्ताही बदलला आहे. पाटस-बारामती-इंदापूर हा आता पालखी महामार्ग आहे; त्याच्या चौपदरीकरणाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्ये बसली. पायी जाणाऱ्यांचा विचार त्यात आवर्जून केला गेला, आणि तो योग्यच होता. मात्र सणसरच्या शाळेत जाणारी मुलगी आणि इंदापूरपर्यंत जाऊन येणारा हौशी स्वार या दोघांनाही ऊसवाहू ट्रॉल्यांच्या डाव्या बाजूची पांढऱ्या पट्ट्यापलीकडची हातभर जागा पुरवून घ्यावी लागते.

पुण्याच्या सायकलींचा वारसा कर्वेनगरमधील विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात (२०१७) पाहायला मिळतो. नीरेकाठच्या सायकलींचे पुरावे अजून घरोघर विखुरलेले आहेत: कराचे बिल्ले, ओव्हरऑयलिंगच्या पावत्या, आणि सर्वांत मोलाच्या म्हणजे भाड्याच्या दुकानांतल्या वह्या, ज्यांत नाव, गाव, नेल्याची वेळ आणि आणल्याची वेळ एका ओळीत लिहिलेली असे. पन्नास वर्षांपूर्वी कोण कोठे, किती वेळासाठी आणि कोणत्या सणाला सायकल घेऊन गेले, हे सांगणारा याहून प्रामाणिक दस्तऐवज नाही. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर अशी वही असेल, तर रद्दीत घालण्यापूर्वी ती एकदा आम्हाला पाहू द्यावी.