'लोगोस'चे लॅटिन भाषांतर

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच वाक्यात 'लोगोस' हा ग्रीक शब्द तीनदा येतो. हिशेब, विवेक, कथन, तत्त्व असे त्याचे अनेक अर्थ. व्याकरणातला सुटा शब्द हा अर्थ मात्र क्वचितच. जेरोमच्या लॅटिन बायबलात त्यासाठी 'वेर्बुम' आहे, आणि हजार वर्षे उपासनेत तोच रुळला.

इरॅस्मसने 1516 साली बाझेल येथे ग्रीक नवा करार प्रसिद्ध केला, तेव्हा सोबतच्या लॅटिन पाठात 'वेर्बुम'ला त्याने हात लावला नाही. 1519च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र तेथे 'सेर्मो', म्हणजे बोलणे, संभाषण, हा शब्द योजला. गहजब झाला. प्रवचनांतून टीका झाली आणि 1520मध्ये त्याला स्वतंत्र समर्थन लिहावे लागले. त्याचे म्हणणे असे की, 'सेर्मो' नवा नाहीच. तेर्तुल्यन व सिप्रियन यांनी जेरोमच्या आधीच तो वापरला होता.

भाषेच्या अंगाने त्याची बाजू बळकट आहे, असे आम्हांला वाटते. तरीही विरोधकांना केवळ अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत उच्चारलेला शब्द कोशातल्या अर्थापुरता उरत नाही.

मराठी बायबलात 'शब्द' आहे. 'वेर्बुम'वरचा आक्षेप वरवर पाहता त्यालाही लागू पडतो. पण मराठीत आपण शब्द देतो, पाळतो, झेलतो. शब्दाने शब्द वाढतो, तेव्हा तर तो जवळजवळ 'सेर्मो'च असतो! वर्गात आम्ही कधी 'वाणी' सुचवून पाहतो. ग्रीकचा गंधही नसलेले विद्यार्थी लगेच म्हणतात, 'कानाला खटकते.'