परळच्या प्रयोगशाळेतील एक शोध

मुंबईच्या कापडगिरण्यांच्या भरभराटीची वर्णने विपुल उपलब्ध आहेत. परंतु त्या गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांपैकी कित्येकींना गरोदरपणी जो घातक पांडुरोग जडत असे, त्याची कैफियत सरकारी दप्तरात फार उशिराने दाखल झाली. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज विदुषी त्याच्या तपासासाठी हिंदुस्थानात आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत तिने कामास प्रारंभ केला. सूक्ष्मदर्शकाखाली या रोगिणींच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने अवाजवी मोठ्या दिसत. लोहाच्या अभावी होणाऱ्या पांडुरोगात त्या लहान व फिक्या असतात, तेव्हा हे दुखणे निराळे होते. जंतूंचा संशय तपासून झाला, तो टिकला नाही. मग विल्सबाईंनी या बायका रोज खातात तरी काय, याची चौकशी आरंभली. आणि त्यांच्या साऱ्या कर्तृत्वात हीच गोष्ट मला सर्वांत थोर वाटते. भाजीपाला, फळे व दूध यांची ज्या घरांत वानवा, तेथेच हा रोग बळावलेला आढळला.

त्याच निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांनाही असाच पांडुरोग झाला, आणि बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा जो काळसर, दाट, खारट अर्क विलायतेत ‘मार्माइट’ या नावाने पावाला लावून खातात, तो देताच त्यांचे रक्त सुधारू लागले. रोगिणींवरही त्याचा गुण आला व १९३१ साली तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला. औषधाची बाटली नव्हे, तर खाद्यपदार्थांच्या दुकानात मिळणारी बरणी येथे उपयोगी पडली!

तिच्यातील गुणकारी द्रव्य हाती येण्यास पुढे दहा वर्षे लागली. १९४१ साली अमेरिकेतील टेक्सासात सुमारे चार टन पालक आटवून अत्यल्प फॉलिक आम्ल निघाले, आणि १९४५ च्या सुमारास यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील लेडर्ली प्रयोगशाळेने ते कृत्रिम रीतीने सिद्ध केले. तेव्हापासून पालेभाजीचे काम गोळीच्या हवाली झाले, असे पुष्कळांस वाटते. गोळीचा अधिकार मी नाकारीत नाही: मेथी, माठ, चाकवत यांतील हे सत्त्व शिजवताना पुष्कळसे नष्ट होते, वेळून टाकलेल्या पाण्याबरोबर वाहून जाते, आणि गोळीतील आम्ल शरीरात अधिक सुलभतेने शोषले जाते, गर्भधारणेच्या आधीपासून ती घेतल्यास अर्भकाच्या मज्जारज्जूतील व्यंगे पुष्कळ टळतात, हेही १९९१ पर्यंत निर्विवाद ठरले.

तथापि अन्नातील उणीव एकाच द्रव्याची असते, हे गृहीतच मुळी धोक्याचे आहे. ज्या रोग्यास ब-१२ जीवनसत्त्वाचा तुटवडा आहे, त्यास केवळ फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते, चेहऱ्यावर तेज येते, घरची माणसे निश्चिंत होतात, आणि मज्जातंतूंचा ऱ्हास मात्र आतल्या आत चालूच राहतो.